चारही मतं एकाच उमेदवाराला देता आली पाहिजेत

जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागा भरायच्या होत्या आणि रिंगणात सात उमेदवार होते. मतमोजणी पहाटेपर्यंत चालली. पहिल्या पसंतीची ३३ मतं शिवसेनेच्या संजय पवारांना मिळाली होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक. त्यानंतर कितीतरी दिवस चर्चा एकाच गोष्टीची होती, कोणत्या अपक्षाने कोणाला दगा दिला. ३३ मतं मिळवणारा हरतो आणि २७ मिळवणारा जिंकतो हे ज्या नियमामुळे घडलं, त्याच्याविषयी फारसं कोणी बोललं नाही.

तो नियम समजून घेण्यासारखा आहे. भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती. निवडून यायला ४१ पुरेशी होती. त्या दोघांच्या गरजेपेक्षा जास्त असलेल्या मतांचं मूल्य मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे महाडिकांकडे गेलं. आता बेरीज करून पाहा. भाजपच्या तीन उमेदवारांची पहिल्या पसंतीची मतं मिळून १२३ होतात, म्हणजे डोई ४१. महाविकास आघाडीच्या चार उमेदवारांची मिळून १६१ होतात, म्हणजे डोई ४० च्या किंचित वर. वरवर उफराटा वाटणारा निकाल आमदारांच्या एकूण कौलाला अगदी धरून होता. मतं उमेदवारांमध्ये कमीजास्त वाटली गेली असतील तर ती वाया जाऊ नयेत, यासाठीच ही पद्धत आहे.

राज्यघटनेने आमदाराच्या मताची अशी काळजी घेतली आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत खासदार-आमदारांच्या मताची घेतली आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतही मतदार नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. कंपनी कायद्याने तर भागधारकांची सोय केली आहे: संचालक निवडताना कंपनी आपल्या नियमावलीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची तरतूद करू शकते, आणि त्यात एका भागधारकाने आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची पद्धतही येते. साध्या नागरिकाच्या मताला मात्र असा कोणताच आधार नाही. त्याचा उमेदवार हरला की त्याचं मत तिथंच संपतं.

माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात हे बदलण्याची एक जागा तयार आहे, ती महापालिकांचे बहुसदस्यीय प्रभाग. तिथे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे म्हणून मतदाराला चार मतं आहेतच. ती चारही मतं हवी तर एकाच उमेदवाराला देण्याची मुभा त्याला असावी. ही कल्पना परदेशातून उचलून आणण्याची गरज नाही. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये अशीच निवडणूक झाली होती, आणि त्या पद्धतीचा सर्वांत ठाम पुरस्कर्ता आपल्याला चांगला ठाऊक आहे.

त्याआधी एक अडचण सांगितली पाहिजे, कारण मतपद्धतीचा विषय निघाला की कोणीतरी ती पुढे करतंच. समजा ग्रामसभेत निधी एका कामाला द्यायचा आहे: रस्ता, पाण्याची टाकी किंवा शाळेची खोली. एका वस्तीला आधी रस्ता, मग टाकी, मग खोली हवी आहे. दुसरीला टाकी, खोली, रस्ता. तिसरीला खोली, रस्ता, टाकी. तिन्ही वस्त्या सारख्याच मोठ्या. रस्ता की टाकी विचारलं तर रस्ता जिंकतो. टाकी की खोली विचारलं तर टाकी. खोली की रस्ता विचारलं तर खोली! प्रत्येक माणसाचा क्रम सुसंगत आहे, गावाचा मात्र गोल गोल फिरतो. अशा सभेत प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे हे जो ठरवतो, तोच निकाल ठरवतो. फ्रेंच गणिती कोन्दोर्से याने हे १७८५ मध्ये दाखवलं. १९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो यांनी त्याही पुढे जाऊन सिद्ध केलं, की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही साध्या आणि रास्त अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणारी, लोकांच्या पसंतिक्रमांची बेरीज करण्याची कोणतीही पद्धत असूच शकत नाही.

या सिद्धान्ताचा वापर बरेचदा हात झटकण्यासाठी होतो. निर्दोष पद्धत नाहीच, मग आहे तीच चालू द्या! मला हा तर्क मान्य नाही. निर्दोष पद्धत नसली तरी सगळ्या पद्धतींचे दोष सारखे नसतात. कोणती पद्धत कोणाचं मत पुसून टाकते, हे नीट पाहता येतं आणि त्यावरून निवड करता येते. आपल्या सार्वजनिक जीवनात हा हिशेब ज्यांनी सर्वांत गांभीर्याने मांडला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या जातिविषयक आणि घटनाविषयक विचारांवर आपण भरपूर बोलतो. मतं कशी मोजायची यावर त्यांनी पंचवीस वर्षं सतत विचार केला, त्यावर फार कमी बोलतो.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्य मतदारांना दोन मतं मिळाली होती: एक स्वतःच्या वेगळ्या मतदारसंघात, दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. राखीव जागांची संख्या वाढून १४८ झाली, पण दुसरं मत गेलं. त्याऐवजी अशी व्यवस्था आली, की आधी फक्त दलित मतदारांनी चार जणांचं पॅनेल निवडायचं आणि मग त्या चारांतून एक सर्व मतदारांनी मिळून निवडायचा. वाढलेल्या जागांनी त्या दुहेरी मताची भरपाई होत नाही, असं आंबेडकरांनी पुढे स्पष्ट लिहिलं. मला त्यांचा मुद्दा आजही तितकाच खणखणीत वाटतो. माणूस कोणत्या जातीचा निवडून आला एवढ्याने प्रतिनिधित्व होत नाही, तो कोणाच्या मतांवर निवडून आला हेही पाहावं लागतं. ज्याला निवडून येण्यासाठी दुसऱ्यांच्या मतांची गरज आहे, तो त्या दुसऱ्यांचंच ऐकणार.

स्वतंत्र मतदारसंघ हातचे गेल्यावर त्यांनी संयुक्त मतदारसंघाच्या चौकटीतच वाट शोधली. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुका व्हायच्या होत्या, राखीव जागा असलेले मतदारसंघ बहुसदस्यीय असणार होते, आणि तिथे मत कसं द्यायचं हे ठरायचं होतं. मुंबई इलाख्यात संचयी मतपद्धत आली. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकालाच द्या किंवा हवी तशी वाटा.

१९३७ च्या निवडणुकीत याचा परिणाम दिसला. मताधिकार मर्यादित होता, काँग्रेसची लाट होती, आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम काही महिन्यांचा होता. मुंबईत खुद्द त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने पी. बाळू यांना उभं केलं होतं. हे पालवणकर बाळू म्हणजे आपल्या काळातले अव्वल दर्जाचे गोलंदाज, कामगारवस्तीत घराघरांत ठाऊक असलेलं नाव. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. त्यांच्या पक्षाने उभ्या केलेल्या सतरा उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. विशेष म्हणजे त्यांत केवळ राखीव जागांवरचेच उमेदवार नव्हते. श्यामराव परुळेकरांसारखे दलितेतर कार्यकर्तेही विधानसभेत गेले. ही पद्धत माणसाला जातीच्या खोपट्यात कोंडते असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मतदाराच्या हातात आपली मतं एकवटण्याची मोकळीक आली, आणि कोकणातल्या कुळांनी व मुंबईतल्या मजुरांनी ती आपल्या प्रश्नासाठी वापरली.

त्या मूठभर आमदारांनी काय केलं हेही पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोतीची, म्हणजे कोकणात खोतांनी कुळांकडून सारा वसूल करण्याची, पद्धत रद्द करणारं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला. नोव्हेंबर १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध गिरणगाव बंद राहिला. बहुमत काँग्रेसचंच होतं आणि निर्णय तिच्याच मनासारखे होत राहिले. पण सभागृहात कुळाचा आणि मजुराचा आवाज कोणाच्या मेहरबानीने आलेला नव्हता, तो स्वतःच्या मतांवर आला होता.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४०१ मतदारसंघांपैकी ८६ मतदारसंघ दोन सदस्यांचे होते आणि एक तीन सदस्यांचा. मतदाराला दोन मतं होतीच. फक्त एक छोटासा फरक पडला होता: दोन्ही मतं एकाला देता येत नव्हती. संचयी पद्धत जाऊन वितरणाची पद्धत आली होती. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून आंबेडकर उभे होते, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार. आंबेडकरांना १,२३,५७६ मतं पडली, काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७. ते हरले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही राखीव जागेवर हरले, तर त्याच मतदारसंघात जोडीदार अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर जिंकले. जुनी पद्धत असती तर निकाल निश्चित वेगळा लागला असता असं मी म्हणत नाही. काँग्रेसच्या मतदारांनीही मग आपली मतं वेगळी वाटली असती. पण ज्या मतदारांना आंबेडकरांविषयी जीव तुटून वाटत होतं, त्यांना ती तळमळ मतपेटीत पूर्ण उतरवण्याचा मार्ग बंद झाला होता, हे खरं आहे. त्यांचं दुसरं मत दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं किंवा सोडून द्यायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं.

द्विसदस्य मतदारसंघही पुढे टिकले नाहीत. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये तिथेही हरले. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले. तेव्हापासून लोकसभा आणि विधानसभेत एक मतदारसंघ, एक जागा, एक मत आणि ज्याला जास्त तो विजयी, हेच आपण लोकशाहीचं स्वाभाविक रूप मानत आलो.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. संविधान सभेत ४ जानेवारी १९४९ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि संचयी मताची दुरुस्ती मांडली होती. तिला विरोध करणारे खुद्द आंबेडकरच होते. प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी मतदाराला निदान आकडे तरी ओळखता आले पाहिजेत, आणि देशात साक्षरता तेवढी नाही, हा त्यांचा एक मुद्दा. सभागृहाचे तुकडे तुकडे होऊन स्थिर सरकार बनणार नाही, हा दुसरा. मग १९३७ चे आंबेडकर खरे की १९४९ चे? मला यात विसंगती दिसत नाही. १९४९ ला ते मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून एका नव्या, घायाळ देशाचं केंद्र सरकार कसं टिकेल याचा विचार करत होते. आणि ते तिथेच थांबले नाहीत. डिसेंबर १९५५ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षभर आधी, भाषिक राज्यांवरच्या पुस्तिकेत त्यांनी पुन्हा हाच प्रश्न हाती घेतला. प्रत्येक भाषिक राज्यात एखादी मोठी जात बाकीच्यांवर वरचढ होईल, छोट्या जातींना वाली राहणार नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान. महाराष्ट्र राज्य होण्याआधी चार वर्षांहून थोडं अधिक, तेव्हाच त्यांनी हे लिहून ठेवलं.

आता आपल्या शहरांकडे येऊ. महाराष्ट्रात मुंबई सोडून इतर महापालिकांच्या प्रभागांचा आकार २००२ मध्ये तीन सदस्यांचा होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोनाचा, २०१७ मध्ये चारांचा. २०१९ मध्ये पुन्हा एकाचा कायदा झाला, २०२१ मध्ये तीनचा, २०२२ मध्ये परत चारचा. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांतही मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचेच प्रभाग होते. वीस-पंचवीस वर्षांत इतक्या वेळा नियम बदलला, आणि दर वेळी तो बदलला सत्तेवर असलेल्यांनी. त्यांना मतांच्या बेरजेचं गणित पक्कं कळतं. आपल्याला ते कळू नये, एवढीच व्यवस्था आहे.

आजच्या चार सदस्यांच्या प्रभागात जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात. प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे. मतदार चार बटणं दाबतो, पण प्रत्येक अक्षरासाठी एकच. आता चाळीस हजार लोकांनी मत दिलेला एक प्रभाग कल्पनेत धरू. पहिल्या पक्षाचे ४० टक्के मतदार, दुसऱ्याचे ३३, तिसऱ्याचे २७. लोक पॅनेल टू पॅनेल मतदान करतात असं धरलं तर अ मध्ये पहिला पक्ष जिंकतो, ब मध्ये तोच, क मध्ये तोच, ड मध्येही तोच. चारपैकी चार. साठ टक्के मतदारांचा एकही नगरसेवक नाही. एक सदस्याच्या छोट्या वॉर्डात निदान एवढं होतं, की एखाद्या वस्तीत पाय रोवून काम केलेला कार्यकर्ता, पक्ष पाठीशी नसतानाही, निवडून येऊ शकायचा. चार वॉर्ड जोडून मोठा प्रभाग केला की त्याची वस्ती त्या गर्दीत बुडते. प्रचाराचा खर्च चौपट होतो. अपक्ष, स्थानिक आघाड्या, झोपडपट्टीतून आलेला माणूस, सगळे गळून पडतात. आपण बहुसदस्यीय प्रभाग आणला, पण त्याचा जो एकमेव मोठा गुण आहे, विविध गटांना जागा देण्याचा, तो मतदानाच्या नियमाने नेमका कापून टाकला.

त्याच प्रभागात त्याच लोकांना संचयी मत देऊन पाहू. प्रत्येकाला चार मतं, हवी तशी वाटण्याची मुभा. तिसऱ्या पक्षाचे १०,८०० मतदार शहाणपणाने एकाच उमेदवाराला चारही मतं देतील: ४३,२०० मतं. पहिल्या पक्षाची एकूण ६४,००० मतं दोन उमेदवारांत वाटली तर प्रत्येकी ३२,०००. दुसऱ्याची ५२,८०० मतं दोघांत वाटली तर प्रत्येकी २६,४००. पहिल्या पक्षाला दोन जागा, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला एक. पहिल्या पक्षाने हाव धरून तीन उमेदवार उभे केले तर प्रत्येकाला २१ हजारांच्या आसपास मतं पडतील. मग दोन जागा दुसऱ्या पक्षाकडे जातील आणि त्याला स्वतःला एकच मिळेल. चार जागा असतील तर पाचव्या हिश्शापेक्षा थोडे जास्त मतदार एकत्र आले की त्यांची एक जागा कोणीही अडवू शकत नाही.

आरक्षण यात बसतं का, असा प्रश्न येईल. बसतं. जागांना अक्षरं न देता सर्व उमेदवारांची एकच यादी करायची. प्रभागात दोन जागा महिलांच्या आणि एक अनुसूचित जातीची असेल, तर आधी त्या त्या प्रवर्गातल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवारांना विजयी घोषित करायचं, मग उरलेली जागा भरायची. याची एक किंमत आहे: जास्त मतं मिळवलेला सर्वसाधारण उमेदवार कधी मागे राहू शकतो. पण आरक्षणाचा अर्थच तो आहे. आणि एक फायदा असा, की राखीव जागेवरच्या महिलेला आपल्या स्वतःच्या मतदारांच्या एकवटलेल्या मतांवर निवडून येता येईल. पॅनेलमध्ये कोणाच्या तरी पत्नीचं नाव घालून चौकडी पूर्ण करण्याची सवय त्यामुळे थोडी तरी मोडेल, अशी मला आशा आहे.

स्थिर सरकारचा १९४९ चा मुद्दा महापालिकेला लागू पडत नाही. महापालिकेत मंत्रिमंडळ नसतं, अविश्वासाने कोसळणारं सरकार नसतं. कारभार चालवतो तो राज्य सरकारने नेमलेला आयुक्त. सभागृहाचं काम त्याला प्रश्न विचारणं, अंदाजपत्रक तपासणं, वस्तीची गाऱ्हाणी मांडणं हे आहे. अशा सभागृहात सगळी बाकं एकाच पक्षाने भरलेली असण्यापेक्षा चार प्रकारची माणसं असणं चांगलं. आकडे ओळखण्याचा मुद्दा तर आता उरलाच नाही. जो मतदार एका रांगेत चार वेगवेगळी बटणं दाबून येतो, त्याला एकच बटण चार वेळा दाबणं अवघड नाही. सध्याचं यंत्र मात्र त्यासाठी बदलावं लागेल, ही खरी अडचण आहे आणि तिला वेळ व पैसा लागेल.

जातीय गट आणखी घट्ट होतील, असं मला अनेक सुजाण माणसं सांगतात. त्यांच्या काळजीमागचा हेतू चांगला आहे, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. आजच्या पद्धतीत जात नाही का? प्रभागातली मोठी जात कोणती हे पाहूनच तिकीट दिलं जातं. फरक इतकाच, की आज जात फक्त मोठ्या गटाच्या कामी येते. छोट्या गटाला मोठ्याच्या मागे उभं राहण्याखेरीज गत्यंतर नसतं. संचयी मतात छोटा गट जातीचाही असू शकतो, भाडेकरूंचाही, पाण्यासाठी भांडणाऱ्या सोसायट्यांचाही, फेरीवाल्यांचाही. कोणत्या ओळखीवर एकत्र यायचं हे मतदार ठरवतो, नकाशा आखणारा नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या चिल्टन काउंटीत १९८८ मध्ये ही पद्धत आली. तिथे कृष्णवर्णीय लोक अल्पसंख्य होते आणि शंभरेक वर्षांत त्यांचा एकही माणूस काउंटीच्या मंडळावर गेला नव्हता. पहिल्याच निवडणुकीत गेला.

दोष आहेत, आणि ते लपवू नयेत. या पद्धतीत आपली ताकद किती याचा पक्षाला अंदाज घ्यावा लागतो. तो चुकला तर जागा जाते. इलिनॉय राज्याने १८७० पासून १९८० पर्यंत आपल्या विधानसभेसाठी हीच पद्धत वापरली, आणि तिथे दोन मोठे पक्ष आपसात समजून उमेदवार इतके मोजके उभे करत, की मतदाराला निवड करण्यासारखं फारसं उरत नसे. राज्यसभेसारखी पसंतिक्रमाची पद्धत या बाबतीत सरस आहे, कारण तिथे उरलेलं मत आपोआप पुढे सरकतं. ती प्रभागात आणता आली तर मी तिचं स्वागतच करीन. पण तिची मोजणी साध्या माणसाला हातावर करून पाहता येत नाही, आणि ज्या मोजणीवर हरलेल्या उमेदवाराच्या पोलिंग एजंटचा विश्वास बसत नाही ती लोकशाहीला महाग पडते. संचयी मताची बेरीज शाळेतली आहे.

निवडणुकीची कटकटच नको, गावाने एकमताने ठरवावं, असं म्हणणारेही आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ते करून दाखवलं: सर्वसहमती होईपर्यंत थांबायचं, एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचं. त्या गावाविषयी मला मनापासून आदर आहे. पण ते काहीशे लोकांचं, रोज एकमेकांचं तोंड पाहणारं गाव आहे. इतरत्र 'बिनविरोध' या गोंडस नावाखाली काय चालतं हेही आपण पाहिलं. नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे पदांचे लिलाव झाल्याचं उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली. लाखालाखांच्या शहरात एकमत मागणं म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती निर्णय देणं.

हा बदल करायला घटनादुरुस्ती लागत नाही. महापालिकांची रचना आणि निवडणुकीची पद्धत ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे, आणि प्रभागातल्या सदस्यांची संख्या विधिमंडळानेच पुनःपुन्हा बदलली आहे. म्हणून सुरुवात लहान ठेवावी. एक-दोन मध्यम आकाराच्या महापालिका निवडाव्यात, तिथे चार सदस्यांचे प्रभाग तसेच ठेवून अक्षरं काढून टाकावीत, पहिली निवडणूक कागदी मतपत्रिकेवर घ्यावी, म्हणजे यंत्राची वाट पाहत बसावं लागणार नाही. एक अट मात्र कायद्यातच घालावी: एकदा ठरलेली मतपद्धत आणि प्रभागाचा आकार पुढच्या तीन निवडणुका होईपर्यंत कोणत्याही सरकारला बदलता येणार नाही. पुण्यासारख्या शहरात २०१७ मध्ये ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडले गेले. त्या ४१ नकाशांच्या रेषा कुठून जाणार यावर किती बैठका झाल्या असतील आणि मतदाराला चार मतं कशी वापरू द्यायची यावर किती, हा प्रश्न पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण विचारला पाहिजे.